माशी बांधायला शिकताना: पहिल्या बारा माश्या आणि नेढ्यामागची जागा

पाणकाठ

मंडळी, मागे एका धाग्यावर मी बांधलेल्या माश्यांचा फोटो टाकला होता. तेव्हा तिघाचौघांनी विचारलं, हे शिकायचं कसं? आता सविस्तर लिहितो.

आधी माशी म्हणजे काय ते सांगतो. गळावर पिसं, लोकर, तार, दोरा गुंडाळून पाण्यातल्या किड्याचा किंवा बारक्या माशाचा भास निर्माण करायचा, ती ही माशी. प्रकार फार जुना आहे. मॅसिडोनियातले लोक गळाला लाल लोकर आणि कोंबड्याची दोन पिसं बांधून मासे धरतात, असं इलियन या रोमन लेखकाने इ. स. २०० च्या सुमारास नोंदवून ठेवलंय.

मी मध्य पेनसिल्व्हेनियात राहतो. घरापासून पंधरा मिनिटांवर स्प्रिंग क्रीक नावाचा ओढा आहे. चुनखडीतल्या झऱ्यांचं पाणी, त्यामुळे तो उन्हाळ्यात फारसा तापत नाही आणि थंडीत सहसा गोठत नाही. त्यातला ट्राउट मासा बारा महिने खात असतो. इथल्या विद्यापीठात जॉर्ज हार्वी यांनी १९४७ साली माशीने मासेमारी हा विषय रीतसर श्रेयांकांसह शिकवायला सुरुवात केली, इतकं या गावात त्याला महत्त्व आहे. माशी बांधणं मी मात्र वर्गात शिकलो नाही. दोन हिवाळे जेवणाच्या टेबलावर बसून शिकलो, शेजारच्या एका आजोबांच्या मदतीने.

सामान थोडंच लागतं. वाइस, म्हणजे कारखान्यातल्या शेगड्याचं छोटं रूप, गळ घट्ट धरून ठेवायला. बॉबिन, पण शिवणयंत्रातली नव्हे. दोन तारांच्या पायांमध्ये दोऱ्याची रीळ अडकवायची आणि दोरा पुढच्या बारीक नळीतून बाहेर काढायचा, अशी ही वस्तू असते. टोकापर्यंत धार असलेली बारीक कात्री. हॅकल, म्हणजे कोंबड्याचं लांब पीस, ते धरायचा चिमटा. शेवटची गाठ मारायला व्हिप फिनिशर. तो नसला तर हातानेही जमतं. सुरुवातीला पिसांची वीस पाकिटं घेऊ नका. एका माशीचं सामान घ्या आणि तीच माशी बारा वेळा बांधा.

माझ्या मते ती माशी वूली बगर असावी. पेनसिल्व्हेनियाच्याच रसेल ब्लेसिंग यांनी ती १९६७ साली बांधली. पाण्यातल्या एका मोठ्या अळीची नक्कल त्यांना करायची होती. पण ही माशी जळू वाटते, बारका मासा वाटते, अळी वाटते. माशाला त्या क्षणी जे हवं ते वाटते. आकाराने मोठी, त्यामुळे बोटांना सवड मिळते. आणि तीन मुख्य गोष्टी ती एकदम शिकवते: शेपूट बांधणं, अंग गुंडाळणं, पीस फिरवणं.

८ किंवा १० नंबरचा लांब दांड्याचा गळ घ्या. वाइसमध्ये लावण्याआधी त्याचा उलटा काटा चपट्या पकडीने दाबून टाका. मासा सोडताना इजा कमी होते, आणि गळ कच्चा असेल तर तो आत्ताच मोडतो, अर्धा तास खपून माशी बांधल्यावर नाही.

दोरा सुरू करताना नेढ्यामागे दोन नेढ्यांएवढी जागा मोकळी सोडा. हे वाक्य कागदावर लिहून वाइसला चिकटवा. कारण पुढे सांगतो. दोरा दांड्यावर मागे वळणापर्यंत न्या. मग मॅराबू. नाव करकोच्याचं असलं तरी हल्ली हे मऊ पीस टर्कीचं असतं. शेपटी दांड्याएवढी लांब ठेवा. कोरडा मॅराबू हवेत उडतो, बोट ओलं करून त्यावरून फिरवलं की शहाण्यासारखा एकत्र येतो. उरलेले देठ कापू नका, दांड्यावर पुढपर्यंत दोऱ्याखाली दाबत न्या. म्हणजे अंग एकसारखं होतं, मध्येच उंचवटा येत नाही.

परत मागे या. बारीक तांब्याची तार बांधा. शेनिल म्हणजे लव असलेला जाड दोरा, त्याच्या टोकाची पाच मिलिमीटर लव नखाने ओढून काढा, आतला दोरा उघडा पडेल, तेवढाच बांधा. दोरा पुढे आणा, शेनिल गुंडाळत आणा, बांधून कापा. आता हॅकल. ते पुढे बांधून मोकळे पाच-सहा वळसे देत मागे न्या. मागे पोचलं की तारेने त्याचं टोक धरा आणि तार हॅकलमधून पुढे आणा. पुढे तार बांधा, चार-पाच वळशांची गाठ मारा, थेंबभर नेलपॉलिश लावा.

ही तार मी सुरुवातीला लावत नव्हतो. वेळ वाचतो असं वाटायचं. पहिल्याच मोठ्या ब्राऊन ट्राउटने माशी तोंडात धरली आणि सोडवून पाहतो तर हॅकल सुटून लोंबत होतं. ट्राउटचे दात बारीक पण तीक्ष्ण असतात, पिसाचा देठ एका ठिकाणी तुटला की सगळं उलगडतं. तार त्या देठाला सहा ठिकाणी आडवी धरून ठेवते. एके ठिकाणी तुटलं तरी बाकीचं जागेवर राहतं.

आता नेढ्यामागच्या जागेबद्दल. माझ्या पहिल्या बारातल्या आठ माश्यांमध्ये शेवटी हॅकल आणि गाठ यांना जागाच उरली नाही. दोरा नेढ्यावर चढला आणि ओढ्यावर थंडगार बोटांनी त्यातून नायलॉन ओवता येईना. शेजारच्या आजोबांनी माशी हातात घेतली, उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "याच्यातून मला पलीकडचं दिसत नाही." त्यानंतर मी प्रत्येक माशी तशीच तपासतो.

दोऱ्याच्या ताणाबद्दल शब्दांत सांगणं अवघड आहे. आमच्या वाईच्या घरी आई ओसरीवर गजरा करायची. दोरा अंगठ्याला, फुलं दोन बोटांत, आणि प्रत्येक फेऱ्याला ती एक हलकासा हिसका द्यायची. कमी दिला तर फूल गळून पडायचं, जास्त दिला तर देठ चिरडायचा. अगदी तोच हिसका इथे लागतो. दोरा मुद्दाम तुटेपर्यंत ओढून पाहा, पाच-सहा वेळा. कुठे तुटतो ते हाताला कळलं की त्याच्या अलीकडे थांबता येतं.

प्रश्न विचारा. मला येतं तेवढं सांगतो.

---

सुईदोरा

फार आवडलं. मी नाशिकला असते, भरतकाम पुष्कळ केलंय. एप्रिलमध्ये आम्ही दोघं हिमाचलमध्ये तीर्थन खोऱ्यात जाणार आहोत, तिथे ह्यांना ट्राउट धरायचाय. मला माश्या बांधून द्यायच्या आहेत. घरातले भरतकामाचे दोरे चालतील का? आणि पीस दोन्ही बोटांत नीट धरलं तरी दोरा आवळला की ते गळाच्या पलीकडच्या बाजूला सरकतं. काय चुकतंय?

---

पाणकाठ

सुईदोरा ताई, मशीनचा रेशमी दिसणारा रेयॉनचा दोरा गुळगुळीत असतो, वळसे घसरतात. अंगाला रंग म्हणून वरून गुंडाळायला तो छान. बांधायला नको. शिवणाचा साधा पॉलिएस्टर दोरा मोठ्या गळावर चालेल, पण जाड असल्याने दहा वळशांत गोळा होतो. माशीचा खास दोरा ऑनलाइन मिळतो, एक रीळ वर्षभर पुरेल.

पीस सरकतं कारण दोरा तुमच्याकडून वर जाऊन पलीकडे उतरतो आणि जाताना पिसाला सोबत नेतो. त्यावर चिमटीचा वळसा हा उपाय. डाव्या हाताच्या चिमटीत पीस आणि दांडा दोन्ही धरा. दोरा वर नेऊन चिमटीत शिरू द्या, पलीकडून खाली उतरवा, पण आवळू नका. वर सैल फास राहील. असे दोन फास झाले की दोरा सरळ खाली ओढा. ओढ खालच्या दिशेने बसते, पीस वरच राहतं. चिमटी मात्र शेवटपर्यंत सोडायची नाही. नवशिका दोरा ओढायच्या क्षणी बोटं उचलतो, बघायला. बघू नका, आधी ओढा.

आणखी एक. वळसे देताना दोऱ्याला पीळ पडत जातो आणि तो गोल, दोरीसारखा होतो. बॉबिन लोंबती सोडून वरून पाहत घड्याळाच्या उलट दिशेने फिरवली की (तुम्ही उजव्या हाताने बांधत असाल तर) दोरा पुन्हा चपटा होतो. चपटा दोरा कमी जागा घेतो. भरतकामात सुई लोंबती सोडून दोऱ्याचा पीळ काढतात ना, तेच.

---

बर्फाळ दुपार

माझा अनुभव जरा कडू आहे. मी टोरोंटोत असतो, डिसेंबरात एक स्वस्त संच मागवला. दर तिसऱ्या माशीला दोरा तुटतो. तीन रिळं बदलली. विकणाऱ्याला कळवलं तर उत्तर आलं की तुम्ही जास्त ओढताय. दोन आठवडे मी स्वतःलाच दोष देत होतो. आता सगळं बंद करून कपाटात ठेवलंय.

---

पाणकाठ

कपाटातून काढा, दोष बहुतेक तुमचा नाही. दोरा प्रत्येक वेळी नळीच्या तोंडाशीच तुटतो का? तसं असेल तर बॉबिनच्या नळीला आतून कंगोरा राहिलेला असणार. कापसाचा पातळ पेळू करून नळीच्या तोंडात घाला आणि गोल फिरवून बाहेर काढा. तंतू अडकून राहिले तर ती नळी दोरा कापतेय. माझ्याही पहिल्या संचात हेच होतं. तोंडाला चिनी मातीची कडी असलेली बॉबिन घ्या, वाइस तोच राहू द्या.

---

बर्फाळ दुपार

कापूस अडकला. दोन्ही बॉबिनमध्ये! नवी मागवली. मनावरचं ओझं उतरलं, खरंच सांगतो.

---

खाडीवरचा

मी रत्नागिरीचा. आमच्याकडे गरवायला जातात ते जिवंत कोळंबी लावून. बांगड्यासाठी पाच-सहा गळांची तयार माळ मिळते, प्रत्येक गळावर चकचकीत पट्टी असते, तीही एका परीने माशीच म्हणायची. माझा प्रश्न असा, खाडीत जिताडा किंवा तांबोशी यांच्यासाठी माशी बांधता येईल का? तळाला कालवं आणि तिवराची मुळं. खाली गेलेला गळ अडकतोच.

---

पाणकाठ

तुमच्यासाठी क्लाउझर मिनो. बॉब क्लाउझर यांनी १९८७ मध्ये सस्क्वेहाना नदीसाठी बांधलेली, तीही पेनसिल्व्हेनियातलीच. डंबेलसारखे दोन धातूचे डोळे दांड्यावर नेढ्याच्या थोडे मागे बांधायचे. त्या वजनाने गळ पाण्यात उलटा होतो, टोक वर. त्यामुळे तळाशी कमी अडकतो. डोळ्यांच्या पुढे आणि मागे हरणाच्या शेपटीचे किंवा कृत्रिम केस, मध्ये थोडी चमक. बास. केस नेहमी वाटतात त्याच्या निम्मे घ्या. दाट बांधली तर माशी बुडत नाही, बारक्या माशासारखी दिसतही नाही.

डोळे पक्के बसवायला एका कर्णावर दहा वळसे, दुसऱ्या कर्णावर दहा, मग डोळ्यांच्या खालून आणि दांड्याच्या वरून असे आडवे वळसे, आणि सुपरग्लूचा थेंब. गळ स्टेनलेस स्टीलचाच घ्या. घरी आल्यावर माश्या गोड्या पाण्याने धुऊन पूर्ण वाळवा. ओली माशी डबीत टाकली तर शेजारच्या दहा गंजतात.

---

खाडीवरचा

गळ उलटा होतो, ही कल्पना पटली. इथे जिताड्याला लोक मान देतात, तो एकदा जरी माशीवर आला तरी धागा उघडून सांगेन.

---

पक्षीवेडा

धागा सुंदर चाललाय. पिसांबद्दल दोन गोष्टी कळकळीने सांगतो, कारण यात चांगली माणसं नकळत अडकतात.

अनेक माश्यांत मोराच्या पिसाचे तंतू लागतात. भारतात मोर वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ नुसार पहिल्या परिशिष्टात आहे. आपोआप गळलेलं पीस देशात घरी ठेवायला हरकत नाही, पण परदेशी नेता येत नाही. गावाहून येताना बॅगेत चार पिसं टाकू नका. अमेरिकेत पाळीव मोरांचे तंतू दुकानात सहज मिळतात. तसंच अमेरिकेतल्या मंडळींनी अंगणात पडलेलं ब्लू जे किंवा कार्डिनलचं पीससुद्धा उचलू नये. १९१८ च्या स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याने तिथल्या बहुतेक सगळ्या रानपक्ष्यांची पिसं बाळगायला मनाई आहे.

दुसरी गोष्ट आपल्या सह्याद्रीतली. राखी रानकोंबडा आपल्याकडे महाबळेश्वरपासून कोयनेपर्यंत पहाटे ओरडताना ऐकू येतो. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाच्या थेंबासारखे पिवळट-पांढरे चकचकीत ठिपके असतात. सामन माशाच्या जुन्या इंग्रजी माश्यांवर डोळा म्हणून हीच पिसं लावत. त्यासाठी एकेकाळी आपल्या जंगलांतून हे पक्षी मारून माना निर्यात होत. ती निर्यात आता बंद आहे, ब्रिटनमध्ये पाळलेल्या पक्ष्यांची पिसं वापरतात. कोणी "अस्सल, भारतातून आलेलं" म्हणून विकत असेल तर घेऊ नका. मी कोयनेच्या काठावर हा पक्षी पानं उकरताना वीस मिनिटं पाहिलाय. ते ठिपके उन्हात दिवे लागल्यासारखे दिसतात. ते त्याच्याच मानेवर असू देत.

---

पाणकाठ

पक्षीवेडा, हे तुम्ही लिहिलंत म्हणून बरं झालं. मी पक्का नवशिका असताना अंगणातलं निळं पीस जपून ठेवलं होतं. आजोबांनी सांगितल्यावर काढून टाकलं.

---

एक शंका

मी मासे खाते, पण मला हे समजत नाही. पकडून सोडायचंच असेल तर त्या जिवाला त्रास का द्यायचा? वाद घालायचा नाही, खरंच विचारतेय.

---

पाणकाठ

प्रश्न रास्त आहे आणि मी त्याच्याशी अजून झगडतो. स्प्रिंग क्रीकचं सांगतो. एका कारखान्यातून कीटकनाशकाची रसायनं ओढ्यात उतरली होती, माशांच्या अंगात साठली, मासे खाण्यालायक राहिले नाहीत. म्हणून इथे पकडलेला मासा सोडण्याचा नियम आला. नियम आल्यावर ओढ्यातले रानटी ब्राऊन ट्राउट वाढले, पाण्यातले किडे मोजणारी माणसं काठावर आली, कोणी पाण्यात काही सोडलं तर ओरड करणारी माणसं तयार झाली. माशाला वेदना होत नाहीत असं मी म्हणणार नाही. मी काटा दाबलेला गळ वापरतो, हात ओले करूनच मासा धरतो कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, पाण्याबाहेर फोटोसाठी धरत नाही, आणि उन्हाळ्यात पाणी तापलं की जात नाही. काही दिवस नुसता दगड उलटून किडे बघून परत येतो. तुम्हाला हे उत्तर पुरेसं वाटलं नाही तर मी समजू शकतो.

---

एक शंका

प्रामाणिक उत्तराबद्दल आभार. पूर्ण पटलं नाही, पण विचार करेन. दगड उलटून काय दिसतं ते मात्र लिहा.

---

पाणकाठ

चुनखडीच्या ओढ्यात शेवाळाखाली तांदळाच्या दाण्याएवढ्या राखाडी कोळंब्या असतात, वाकलेल्या. हातावर घेतल्या तर कुशीवर पडून सरपटतात. मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चपटी, तीन शेपट्यांची, दगडाला घट्ट. कॅडिस नावाच्या दुसऱ्या किड्याची अळी स्वतःभोवती वाळूच्या कणांचं घर बांधते, एकेक कण चिकटवून. ते पाहिल्यावर माझ्या बांधकामाची लाज वाटत नाही, उलट शिकावंसं वाटतं.

यावरून आठवलं. वूली बगरनंतर दुसरी माशी वॉल्ट्स वर्म करा. वॉल्ट यंग यांची, पुन्हा इथलीच. सशाच्या केसांची लोकर दोऱ्यावर पिळायची आणि गुंडाळायची, एवढंच. त्या राखाडी कोळंबीसारखी आणि अळीसारखी दिसते. लोकर दोऱ्यावर चढवताना एकाच दिशेने पिळा. मागे-पुढे पिळली तर जेवढी बसली तेवढी सुटते. आणि चिमूट इतकी कमी घ्या की दोऱ्याला नुसती धूळ लागल्यासारखी दिसेल.

---

हिमवाट

सुईदोरा ताईंसाठी. मी तीर्थनला चार वेळा गेलोय. हिमाचलमध्ये ट्राउटची मासेमारी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर बंद असते, त्यामुळे एप्रिल ठीक. मत्स्य विभागाचा परवाना आधी घ्या. एप्रिलमध्ये बर्फ वितळून पाणी वाढलेलं, कधी गढूळ असू शकतं. अशा वेळी काळी किंवा गडद हिरवी वूली बगर, दांड्यावर आधी बारीक शिशाची तार दहा वळसे देऊन जड केलेली. पाणी निवळ असेल तर फेजंट टेल नावाची माशी, १४ नंबरच्या गळावर. इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करणारे फ्रँक सॉयर यांनी ती दोरा न वापरता बांधली. बारीक तांब्याची तार हाच दोरा आणि हेच वजन, आणि फेजंटच्या शेपटीचे चार-पाच तंतू. भरतकाम करणाऱ्या हाताला ती जमायला हरकत नाही.

---

सुईदोरा

सगळ्यांचे आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय. बारा वूली बगर बांधून झाल्या. सुरुवातीच्या चारांची शेपूट वेगवेगळ्या लांबीची आहे. पाचवीपासून मी शेपूट दांड्यावर मोजून मगच बांधायला लागले. सातवीत गाठ सुटली, नेलपॉलिश लावायचं विसरले होते. नववी, दहावी आणि अकरावी शेजारी ठेवल्या तर वेगळ्या ओळखू येत नाहीत. बारावी बांधताना दिवे गेले, ती मेणबत्तीच्या उजेडात पूर्ण केली, तिचं हॅकल जरा दाट झालंय. ह्यांनी वॉशबेसिनमध्ये पाणी भरून एकेक ओढून पाहिली. मॅराबू पाण्यात हलतो तो कोरड्यात बघून कल्पनाच येत नाही, अगदी श्वास घेतल्यासारखा. दोघं बराच वेळ बघत बसलो.

फोटो टाकतेय. चुका सांगा.

---

पाणकाठ

ताई, फोटो मोठा करून पाहिला. हॅकलचे वळसे एकसारख्या अंतरावर आहेत, ते मला पहिल्या पन्नासात जमलं नव्हतं. दहावीत तार शेवटी जरा उभी राहिलीय, कात्रीने कापू नका, धार जाते. मागे-पुढे वाकवून तोडा, टोक आपोआप आत राहतं. बारावी टाकू नका. गढूळ पाण्यात दाट हॅकल जास्त हलतं, ती पहिल्या दिवशी लावा.

आणि बाराही नेढ्यांतून मला तुमच्या टेबलक्लॉथवरची निळी फुलं दिसताहेत.